तू बंद केलेला गॅस

सान अंतोनियो, २३ फेब्रुवारी

प्रिय हेर्लिंदा,

फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटेल आणि बोलायचं ते राहूनच जाईल, म्हणून लिहायला बसले. आधी बातम्या सांगते. मी आता गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाते, येताना धाप लागत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात सोमवारपासून परत कामावर घेणार आहेत, फक्त मोठी पातेली उचलायची नाहीत अशी ताकीद आहे. लेक रेनाल्दोनं माझ्या गोळ्यांच्या वेळा फ्रिजवर चिकटवल्यात. तो बाप्तिस्म्याला तुझ्या मांडीवर होता, तेव्हापासून तू त्याची धर्ममाता आणि आपण दोघी कोमाद्रे, एका लेकराच्या दोन आया. सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही ते मी तुला सांगत आले.

आणि तरी ते एक तुला नीट सांगितलं नव्हतं. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. अंगातून वाफा निघायच्या, छाती धडधडायची, जिना चढताना जीव घाबरा व्हायचा. आई म्हणायची, "बाई म्हटली की हे आलंच. मी काय मेले का त्यानं?" मग कॅमोमाइलच्या फुलांचा चहा प्यायचा आणि कामाला लागायचं. दवाखान्यातल्या नर्सबाईनं बजावलं होतं की पाळी गेल्यावर हृदयाला जपायचं असतं, त्यातून माझं बीपी जास्त, साखरही काठावर. मी मान डोलावली. बीपीच्या गोळ्या मी डोकं जड झालं की घ्यायचे, नाहीतर नाही. माझ्यासारखी शहाणी मीच!

डिसेंबरात आपण नाताळचे तामाले करायला जमलो तो दिवस मी रोज आठवते. आई मक्याची पानं पुसत होती, नणंद चेलो पीठ थापत होती, तू मिरचीचं मांस भरत होतीस. मी पानांत गुंडाळलेले दहा डझन रचून वाफेचं भांडं गॅसवर चढवलं, आणि थोड्याच वेळात जबड्याखाली दुखायला लागलं, पाठीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं झालं. मळमळत होतं. मी आपल्या त्या जुन्या एप्रनने तोंडावरचा घाम पुसत राहिले. चेलो हसून म्हणाली, "वहिनीची वाफ भांड्याच्या आधी आली!" सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. माझा हात धरलास आणि म्हणालीस, "हा वाफेचा घाम नाही गं. तू बर्फासारखी गार पडलीयस. ऊठ, चल."

मी कशी उठणार? ज्या बाईनं भांडं चढवलं तिनं तामाले शिजेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, नाहीतर ते आत कच्चे राहतात, हे आईच्या आईपासून चालत आलेलं. मी म्हटलं, दोन तास थांब, झाले की जाऊ. तू सरळ गेलीस आणि गॅस बंद केलास. आई किंचाळली, "अगं सटवे, नाताळ नासवलास!" आणि मी काय बोलले ते मला इथे लिहायलाच हवं. मी म्हटलं, "तुझ्या घरी खाणारं कुणी नाही, तुला काय कळणार?" लेकरासाठी तू किती नवस केलेस ते मला माहीत होतं, तरी बोलले. तू फक्त म्हणालीस, "घाल शिव्या. गाडीत बसून घाल."

हृदयाची एक नळी जवळजवळ पूर्ण बंद होती. डॉक्टर म्हणाले, बायकांना पुष्कळदा असंच होतं, जबडा, पाठ, मळमळ, आणि त्या वयाचा त्रास म्हणून घरी बसतात. दोन तास थांबला असतात तर आज आपण बोलत नसतो, असंही म्हणाले. तू आठ दिवस हॉस्पिटलच्या खुर्चीत बसलीस, नोपाल निवडुंगाचं सूप भरवलंस, आणि मी घरी आल्यावर यायची थांबलीस. मी समजले. तुझे उपकार मी कधी फेडू शकणार नाही, आणि फेडायचेही नाहीत. ते अंगावर घेऊनच मला जगायचंय. आई तर आता चर्चमध्ये भेटेल त्या बाईचा हात धरून घाम गार आहे का बघते. मागच्या रविवारी पाद्रीबाबांचाही धरला.

पण पत्राचं कारण वेगळंच आहे. काल चेलो सांगत होती की चर्चच्या पायऱ्यांवर तू मध्येच खाली बसलीस, पाठ धरलीस, आणि विचारलं तर म्हणालीस, "वयाची वाफ आहे, जाईल." हेर्लिंदा, हे तू बोललीस? अंडाशयाच्या ऑपरेशननंतर तुझी पाळी एकेचाळिसाव्या वर्षीच गेली, म्हणजे तुझा धोका माझ्याहून जुना. मी नर्सबाईंशी बोललेय. आज दुपारी त्यांनी तुला मध्येच घ्यायचं कबूल केलंय. हे पत्र रेनाल्दोच्या हाती देतेय, तू वाचशील तेव्हा गाडी तुझ्या घराखाली उभी असेल आणि मी गाडीतच बसलेली असेन. पुन्हा पाठ धरली किंवा घाम सुटला तर दवाखाना नाही, सरळ हॉस्पिटल. चप्पल घाल आणि खाली ये. त्या शब्दांची माफी मला तुझ्यासमोर उभं राहून मागायची आहे, आणि त्यासाठी मला तू जिवंत हवी आहेस.

तुझीच कोमाद्रे,
एदुविहेस