आकाशदर्शनातला सत्कार

रविवार, पौष अमावास्या
रत्नागिरी

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात हॅलोजन कशाला? घरी आले तरी राग जात नाही.

काचबिंदूने बाबांची नजर चालली आहे. डॉक्टर म्हणाले, फार तर पावसाळ्यापर्यंत. त्यांना एकदा कृत्तिका पाहायच्या होत्या, म्हणून आज गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर नेलं. मला नक्षत्रं त्यांनीच शिकवली. तिथे आधी दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, मग सत्कार. सगळं हॅलोजनखाली.

"दिवा बंद करा ना," मी आयोजकांना म्हटलं.

"ताई, फोटो कसे येतील मग?"

वर बाबांनाच ज्येष्ठ म्हणून मंचावर नेलं. शाल, श्रीफळ आणि हॅलोजनचा झोत थेट डोळ्यांत. तो विझला तेव्हा त्यांना माझा हातसुद्धा दिसेना. डोळे अंधाराला सरावण्याआधीच परतीची बस निघाली. सत्कार कसला हा?

बसमध्ये बाबांनी विचारलं, "कृत्तिका होत्या ना गो वर?"

"होत्या. अगदी डोक्यावर."

"मग झालं तर."

काय झालं? काहीही झालेलं नाही. उद्या संध्याकाळी रिक्षा करून त्यांना पुन्हा सड्यावर नेणार, आम्ही दोघंच. थंडी वाजली तर माझी ओढणी देईन. ती शाल मात्र न्यायची नाही.