हेटीच्या परीक्षेची तयारी

३ मार्च, सोमवार

पत्र आलं! येणार येणार म्हणून माहीत होतं, तरी दारातच उभ्याउभ्या फोडलं. हेटी मे महिन्यात सोळा वर्षांची होणार. म्हणजे सरकारच्या लेखी मोठी माणूस. लहान मुलांचा अपंग भत्ता बंद, मोठ्यांच्या भत्त्यासाठी सगळं नव्याने — अर्ज नवा, तपासणी नवी. जणू सोळाव्या वाढदिवसाचा केक कापला की पोरीचं डाउन सिंड्रोम केकबरोबर संपणार!

तिचा भत्ता गेला की तिला सांभाळणारा म्हणून मला मिळतात ते पैसेही गेले. मग मी परत धुरीखान्यात, हॅडॉक मासे धुरावर टांगायला. आणि हेटीजवळ कोण? बायको, लोरेन, दिवसभर फिशफिंगरच्या कारखान्यात.

लोरेनने पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, "आधी चहा टाक, क्लाइव्ह. मग घाबर."

टाकला. मग घाबरलो.

५ मार्च, बुधवार

हेटीला घेऊन चॅपलच्या हॉलमध्ये पॅजेटबाईंकडे गेलो. पूर्वी शाळेत पोरांना जेवण वाढायच्या, आता दर बुधवारी टेबल टाकून लोकांना सरकारी अर्ज भरून देतात. फुकट, वर बिस्किटं. हेटी आत कपबशा विसळायला पळाली, तिथलं तिचं ते ठरलेलं काम. बाईंनी चष्मा पुसला.

"हे बघ राजा, इथे गुण मिळतात ते न येणाऱ्या गोष्टींना. स्वयंपाक येत नाही — गुण. एकटीला बाहेर जाता येत नाही — गुण. तिचं कौतुक घरी ठेवून यायचं. तिचा सगळ्यात वाईट दिवस कसा असतो, तेवढंच सांगायचं. आणि रोज तिच्यासाठी काय काय करतोस ते लिहून ठेव."

म्हणून ही वही.

६ मार्च

हेटीसाठी मी आज काय केलं: केस धुऊन दिले. बुटाच्या नाड्या बांधल्या. शाळेच्या गाडीपर्यंत हात धरून नेलं. दुकानात तिच्या पर्समधले पैसे मोजून दिले.

हेटीने माझ्यासाठी काय केलं: शेजाऱ्याशी कचऱ्याच्या डब्यावरून भांडून आलो होतो, तर किटलीवरचं लोकरी टोपडं माझ्या डोक्यात घातलं. "राग गेला की काढ." मी टोपडं घालून बटाटे सोलले. लोरेन आली, बघून जिन्यावरच बसून हसली. राग कधी गेला कळलंच नाही.

ही वही पॅजेटबाईंना दाखवता यायची नाही!

९ मार्च, रविवार

घोटाळा करून बसलो.

अर्ज टेबलावर पडला होता. हेटीने ठळक अक्षरं बोट ठेवून वाचली — स्वयंपाक. आंघोळ. प्रवास. "डॅड, हे काय आहे?" आता काय सांगणार? तुला काय काय येत नाही ते यात लिहायचंय, हे माझ्या जिभेवर येईना. या घरात 'हेटीला येत नाही' असं कुणी म्हणत नाही. आम्ही 'अजून' म्हणतो. अजून नाड्या नाहीत. अजून घड्याळ नाही. हा नियम तिच्या जन्मापासूनचा.

म्हणून म्हटलं, "परीक्षा आहे. घरी माणूस येणार, तुझं सगळं बघणार, गुण देणार."

तिचे डोळे असे चमकले! शाळेत बाकीच्या पोरांना परीक्षा, हिला नुसते चिकटवायचे चांदणीचे स्टिकर. खरी परीक्षा पहिल्यांदाच.

"मला पहिलं यायचंय," म्हणाली आणि तडक जाऊन पेन्सिलींना टोक करायला बसली.

लोरेन म्हणाली, "शाबास! आता निस्तर."

१२ मार्च, बुधवार

पॅजेटबाईंकडे अर्ज पुरा केला. प्रत्येक रकान्यात येत नाही, जमत नाही, कळत नाही. स्वतःच्या हाताने लिहिलं. आत हेटी आणि नंतर तिच्या मदतीला गेलेल्या बाई कपबशा विसळत खिदळत होत्या, आणि मी बाहेर हा असला मजकूर तपासत बसलेला.

परत येताना बसमध्ये हेटी गप्प. घरात पाऊल टाकलं आणि कोट न काढताच म्हणाली, "डॅड, पहिला प्रश्न स्वयंपाकाचा आहे. मला गॅस पेटवायचाय."

गॅसपाशी यायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. मीच केलेला. "नंतर बघू," म्हटलं.

"पहिल्याच प्रश्नाला शून्य?" कमरेवर हात! अगदी आईवर गेली आहे.

कायदा मोडला.

१४ मार्च

अंडं. पाण्यात अलगद सोडायच्या ऐवजी लांबून फेकलं, ते थेट वर. छताला पिवळा डाग पडलाय. हेटी म्हणते, सरावात चालतं.

२२ मार्च

वीस मिनिटं उकडलं. टेनिसला चाललं असतं. लोरेनने मीठ लावून खाल्लं, मुकाट्याने. या बाईवर माझं किती प्रेम आहे ते इथे लिहून ठेवतो, तोंडाने सांगणं काही होत नाही.

२ एप्रिल, बुधवार

जमलं!! पांढरं घट्ट, पिवळं मऊ! टोस्टच्या काड्या करून बुडवून खाल्ल्या, हनुवटीवरून ओघळ. तिघं स्वयंपाकघरात नाचलो, हेटी पुढे, आम्ही मागे, खुर्च्यांभोवती. नाचता नाचता लोरेन कानाशी म्हणाली, "गेले बरं का गुण!" आणि आम्ही दोघं जे हसत सुटलो ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हेटीला वाटलं आनंदाने. आनंदानेच की!

पण नंतर भांडी पुसताना धास्ती वाटली. पोरगी एकेक गोष्ट शिकते आहे आणि मी मनात हिशेब करतो आहे, याने आपलं किती नुकसान. असला कसला बाप झालोय मी?

२० एप्रिल, ईस्टर

हेटीने सहा अंडी उकडली, त्यांच्यावर तोंडं रंगवली. एकाला माझ्या मिशा. ते अंडं फोडायचं नाही अशी ताकीद आहे.

नाडीची एक गाठही बसली. एका बुटाची. दुसरा बूट अजून.

२९ एप्रिल, मंगळवार

आज रस्ता ओलांडायचा सराव. फ्रीमन स्ट्रीटला, बाजाराच्या कोपऱ्यावर. मी मुद्दाम पाच पावलं मागे राहिलो. सिग्नलचा हिरवा माणूस लागला, गेला. परत लागला, गेला. हेटी खांबाला धरून उभी. मग फुटपाथच्या कडेला बसलीच आणि कानांवर हात घेऊन रडायला लागली. बसवाला थांबला, एक बाई म्हणाली, "कुणाची हो ही?" मी धावलो. शेजारी बसलो. समोरून गाड्या जाताहेत, डोक्यावर सीगल पक्ष्यांचा कलकलाट.

"आज नाही," शेवटी ती म्हणाली.

"आज नाही," मी म्हटलं.

मग हात धरून पलीकडे गेलो आणि चिप्स घेतल्या, भरपूर व्हिनेगर मारून. तिने सीगलला एक दिली, तर तो पुडाच घेऊन उडाला. हेटी इतकी हसली की उचकी लागली. पॅजेटबाई म्हणतील, हाच तो वाईट दिवस, हाच सांग. माझ्या डोक्यात मात्र तो सीगलचा दिवस म्हणूनच राहिलाय.

१२ मे, सोमवार

उद्या! लोरेनने माझा चष्मा लावून तपासनीस व्हायचं ठरवलं. मी खुर्चीत.

"बोला, मिस्टर ब्लँचर्ड. मुलीला स्वयंपाक येतो?"

"हेटीला... म्हणजे अजून..."

"क्लाइव्ह!"

"हेटीला स्वयंपाक... अंडं फारच सुरेख..."

लोरेनने सपात फेकून मारली. नेम चांगला आहे तिचा. म्हणाली, "उद्या तू गप्प बस. मी बोलते."

१३ मे, मंगळवार

सगळं नीट लिहून ठेवतो.

तपासनीस म्हणजे एक पोरगीच निघाली, मिस थर्लो, नाक सर्दीने लाल. हेटीने निळा फ्रॉक घातला होता. तिने स्वतः दार उघडलं, कोट घेतला, खुर्ची दाखवली. माझ्या मनात आलं, संपलं! आता ही अंडं उकडून दाखवणार, नाडी बांधून दाखवणार, आणि आपण धुरीखान्यात.

मिस थर्लोने हेटीलाच विचारलं, "तुला जेवण बनवता येतं?"

"नाही," हेटी म्हणाली.

माझ्या कानांवर विश्वास बसेना. नाही? दोन महिने आमच्या छताला डाग पडले ते कशासाठी? आणि मग काय झालं माझं मलाच कळलं नाही — मी खुर्चीतून उठलोच! "येतं! येतं तर! परवाच तीन उकडली, पिवळं मऊ, तुम्ही खाऊन बघा!" टेबलाखालून लोरेनने अशी लाथ घातली की नडगी अजून काळीनिळी आहे.

हेटीने माझ्याकडे पाहिलं. शाळेतल्या बाई मठ्ठ पोराकडे बघतात तसं. "डॅड, तू शेजारी होतास. तू 'आता काढ' म्हणालास, तेव्हा मी काढलं." मग मिस थर्लोला म्हणाली, "डॅड नसला तर मी गॅस बंद करायला विसरते. दोनदा विसरले." दोनदा! मला एकदाचंच माहीत होतं.

रस्ता? "एकटी नाही. पाय थांबतात, माझं ऐकत नाहीत." पैसे? "किती परत यायचे ते कळत नाही. दुकानातली बाई चांगली आहे म्हणून." केस? "साबण राहतो. डॅड काढतो." एकेक प्रश्न, एकेक उत्तर, ना लाज ना रड. मी पंधरा वर्षं जे शब्द घराबाहेर ठेवले ते ही बशीत बिस्किटं मांडावीत तसे मांडत होती. सगळं खरं होतं. मला रडू यायला लागलं म्हणून खिडकीतून बाहेर बघत बसलो.

शेवटी मिस थर्लोने पेन खाली ठेवलं. "आणि येतं काय काय?"

"कपबशा विसळता येतात. नाचता येतं. मम्मी खोटी खोटी रागावते ते ओळखता येतं."

मिस थर्लोने नाक शिंकरलं. सर्दी असेल.

ती गेल्यावर हेटीने सॉसेजवर ताव मारला आणि झोपली. मला मात्र चुटपुट लागून राहिली आहे. एवढी तयारी केली आणि ऐन वेळी बिचारीचा धीर सुटला. एकही गोष्ट करून दाखवली नाही. आणि मला त्याचं बरं वाटलं, याचीच जास्त लाज वाटते.

२४ मे, शनिवार

सोळा! केक कापला. डाउन सिंड्रोम जागच्या जागी आहे. हेटीने मेणबत्त्या तीनदा पेटवायला लावल्या आणि तीनदा फुंकल्या.

१९ जून, गुरुवार

मंजूर!!! तिचा मंजूर, म्हणून माझाही चालू! पुढची काही वर्षं बघायला नको. लोरेन कारखान्याच्या टोपीतच फाटकाबाहेर आली आणि सगळ्यांदेखत माझी पापी घेतली. पॅजेटबाईंना फोन केला, त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की फोन कानापासून दूर धरावा लागला.

हेटीने विचारलं, "पास?"

"पास. पहिली आलीस."

तिने मान डोलावली, विशेष नवल नसल्यासारखी. मला मात्र तिच्या डोळ्यांत बघवेना.

२० जून, शुक्रवार

राहवलं नाही. सकाळी ती गॅसपाशी उभी होती, तेव्हा खरं सांगून टाकलं — ती परीक्षा उलटी होती, न येणाऱ्या गोष्टींनाच गुण होते, मी तुझ्याशी खोटं बोललो. हेटीने पातेल्यावरची नजर काढली नाही. "माहितेय. पॅजेटबाईंनी सांगितलं होतं मला. कपबशा विसळताना, मार्चमध्येच."

"मग एवढी तयारी कशाला केलीस, पोरी?"

"परीक्षा नसती तर तू मला गॅसपाशी येऊ दिलं असतंस का, डॅड?"

नसतं दिलं.