राणीची दुसरी पेटी

पिस्कॅटवे, रविवार, १८ मे

आज सकाळी पूजा आटोपून परसातली मधमाश्यांची पेटी उघडली. राणी लगेच सापडली. पाठीवर लाल ठिपका, ओळखू यावी म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच लावलेला. तेव्हा तो कुंकवासारखा दिसला होता मला. तिथेच चुकलं बहुतेक.

हल्ली ती अंडी कमी घालते. म्हणून मागवलेली नवी राणी टपालाने येऊन तीन दिवस झाले, आणि मी रोज पेटी उघडतो, बघतो, बंद करतो. मला हे सगळं शिकवणारा नागपूरचा सुहास फोनवर वैतागला. "यार, एका पेटीत एकच राणी. जुनीला चिमटीत धर, संपव, मगच नवी आत ठेव. सगळे असंच करतात."

करत असतील. पण जिने दोन हिवाळे अख्खी पेटी सांभाळली, तिला फूल वाहिलेल्या बोटांनीच चिरडायचं?

बायकोला सांगितलं तर हसली. "अहो, मग तिला रिटायर करा. आणि मला कधी करताय तेही सांगा."

रिटायर. हे मला का सुचलं नाही?

दुपारी मुलगी मदतीला आली. "बाबा, शी इज सो स्लो." हळू चालते खरी. ठिपका मात्र अजून तसाच लाल.

माश्यांनी भरलेल्या दोन चौकटी आणि जुनी राणी, असं सगळं एका छोट्या पेटीत हलवलं. पेटी तुळशीच्या कुंडीशेजारी ठेवली. नवी राणी मोठ्या पेटीत गेली. मग सुहासला कळवलं: एका पेटीत एकच राणी आहे, पेट्या तेवढ्या दोन झाल्या.