दारातून परत गेलेली गाडी

प्रिय बोक्या,

हे पत्र तुझी बायको लिहीत नाहीये, तेव्हा आधीच नाक मुरडू नकोस. औषधाच्या दुकानातल्या बाई लिहून घेतायत. माझ्या बोलण्याला इस्त्री करायची नाही, असं बजावलंय त्यांना.

आजोबांना जाऊन महिना झाला. अर्धवट तासलेल्या फळीवर रंधा तसाच पडलाय. त्या दिवशी सकाळी शीळ घालत कामाला लागले आणि दुपारी दात वाजायला लागले. हाडं मोडल्यासारखी दुखतात म्हणाले. शिंक नाही, नाक गळणं नाही. संध्याकाळी कपसुद्धा धरवेना. पण मी पडले घरची धन्वंतरी! पन्नास वर्षं या घरात कोणाला काय झालंय ते मीच ठरवत आले. म्हटलं, सर्दीच आहे, वाफ घ्या, उद्या टुणटुणीत व्हाल.

बाई आता समजावतात, सर्दी सांगून येते. आधी घसा खवखवतो, मग नाक, चार दिवस रेंगाळून जाते. फ्लू दरोडा घालतो. बघता बघता ताप, अंगदुखी, माणूस आडवा. म्हाताऱ्याच्या तर छातीतच उतरतो. मी म्हटलं, शहाणपण उशिरा सांगताय. तर म्हणाल्या, तुमच्या नातसुनेला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं.

सांगितलं होतंच. ती दवाखान्यात न्यायला गाडी घेऊन दारात आली होती. मी उंबरठ्यात आडवी उभी राहिले. कालची पोर मला सर्दी शिकवतेस का, म्हणाले, आणि गाडी परत पाठवली. दुसऱ्या दिवशी नेलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

तू नोकरीच्या गावाहून आलास आणि चारचौघांत तिलाच विचारलंस, घरात असून तुला कळलं कसं नाही? तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. लोकांना वाटलं, म्हातारी रडते. गाडी मी परत पाठवली, हे त्या बिचारीने कोणाला सांगितलं नाही.

काल तुझा निरोप आला, तिने माहेरी जावं म्हणून. ती बॅग भरतेय. भरता भरता माझ्या सकाळच्या नि रात्रीच्या गोळ्या वेगळ्या करून ठेवल्या तिने. म्हणून हे पत्र. ती शनिवारी निघतेय, त्याच्या आत ये आणि तिची माफी माग. मी मागितली, ती बॅग भरतच राहिली, आणि का थांबावं तिने? बाई विचारतात, ‘माझी चूक झाली’ असं लिहू का? म्हटलं, सर्दी समजले ती चूक. नंतर गप्प बसले, ते समजून उमजून. तसंच लिहा.

तुझीच, अजून तोंड वर करून जगणारी,
आजी