रांगोळीचे व्हिडिओ

सोमवार, दिवेलागण

पुतणी मयुरी कॉलेजच्या पाहणीचा फॉर्म भरून घ्यायला आली. त्यात एक प्रश्न: टेन्शन विसरायला मोबाईल किती वेळा बघता? ह्यांचं उत्तर मीच सांगितलं, "नेहमी." माझं, "कधीच नाही."

"काकू, आणि ते रांगोळीचे व्हिडिओ?"

"ते देवासाठी गं."

"मग दारात रोज चारच ठिपके कसे?"

नणंदबाई आठ दिवस राहायला येणार कळल्यापासून दुपारभर तेच बघतेय की. सोमवारी, सिद्धेश्वराच्या वारी, खोटं कसं लिहायचं? "नेहमी कर बाई," म्हटलं. हे लई हसले.

मग मोबाईल ठेवून दारात पंधरा ठिपक्यांची खरी रांगोळी काढली. तेवढ्या वेळात नणंदबाई एकदाही आठवल्या नाहीत. हे फॉर्मात कुठं लिहायचं?