अर्नीसाहेबाचा गुडघा

लोणावळं, ता. २ डिसेंबर १९४५

तीर्थस्वरूप रखमाजीमामा, शिरगाव, यांस गेणूचा दंडवत. हितं समदं बरं हाय. मामीचा खोकला कसा हाय? तुमची तब्येत इचारत न्हाई, कारण पैलवानांची हाडं बसवता बसवता तुमी सोताचं दुखनं इसरून गेलाय. (आठवलं तर कळवा.)

पत्राचं कारन म्हंजे आमच्या लष्करी दवाखान्यातला अर्नीसाहेब. म्या भटारखान्यात डाळ शिजवतो आन् हा माज्या चुलीपाशी येऊन बसतो. (दोगं मोडकी हिंदी बोलतो, म्हून भांडन व्हत न्हाई.) मानूस ऑस्ट्रेलियाचा. धंदा काय, तर बॉल खेळायचा. म्या म्हनलं, ते कळलं, पर पोटाला काय करतोस? तर म्हनं, खेळायचंच पैसं मिळत्यात. बॉलबी गोल न्हाई, पपईवानी लांबुळका. तो लाथंनं उंच उडवायचा, आन् दुसऱ्याच्या पाठीवर गुडघं देऊन वरच्या वर झेलायचा. आता लढाई संपली, तिकडं क्लब त्याची वाट बघतोय. पर घाटात ट्रक उलटला तवाधरनं उजवा गुडघा धरतोय, आन् डॉक्टर म्हनतो, खेळ इसर.

गड्याचं तोंड बघवंना, म्हून गुडघा पारखायला म्या रविवारी मॅच लावली. एकीकडं दवाखान्यातलं सोजिर, एकीकडं लोहगडवाडीचं गडी. आता आपल्यात पाय लागला की मानूस नमस्कार करतोच, आन् ह्या खेळात तर पायच पाय लागत्यात. तवा निम्मं गडी वाकल्यालं, निम्मं "असू द्या, असू द्या" म्हनत्यात, आन् बॉल नथूच्या हरभऱ्यात. सोजिर गोलावर गोल करत सुटलं.

मंग एकदा बॉल लय उंच गेला. अर्नीसाहेब धावला आन् वाडीच्या बजरंगच्या पाठीवरनं असा उडाला की माज्या अंगावर काटा आला. बॉल हातात घेऊन खाली उतरला, गुडघा टिकला, आमी समदी नाचाय लागलो. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, आपला पाय बजरंगला लागला. दिवसभर बघून शिकला व्हता बिचारा. वाकला, बजरंगच्या पायाला हात लावला, आन् तितंच अडकला. उठता येईना. बजरंग म्हनतोय, "ऱ्हाऊ द्या साहेब, पोचला नमस्कार," आन् साहेब डोळं पुसतोय. खाटंवर घालून आनला. मला लय वाईट वाटलं, मामा.

घरच्या समद्यांना, म्हशीसकट, इचारल्याचं सांगा.

तुमचा,
गेणू

ता. क. : हे पत्र आननारा लंगडा गोरा म्हंजेच अर्नीसाहेब. घोरावाडीपतूर रेल्वेनं आन् पुढं बैलगाडीनं लावून दिलाय. डॉक्टरला हवापालट म्हून सांगितलंय. तुमचं तेल लावा. मामीला म्हनावं भिऊ नका, गुळाचा चहा चालतो त्याला.

आनखी एक : गुडघा जमनार नसंल, तर मालिश करताना तोंड भिंतीकडं करा. त्याला मराठी येत न्हाई, पर मानसाचं तोंड लगेच कळतं.

आन् शेवटचं : बरा झाला की तो बोटीनं जानार. मंग माज्या चुलीपाशी कुनी बसायला न्हाई. तरीबी मामा, बराच करा.