खचलेल्या काँक्रीटचे तीन इलाज

३ फेब्रुवारी
पुन्हा मोजलं. फाटकापासून दारापर्यंतच्या काँक्रीटचा मधला तुकडा एका बाजूनं चार बोटं खचलाय. आई तिथंच पडली. तेव्हापासून ताईकडे आहे. ताई म्हणते, "आधी ते सपाट कर, मग बघू."
मिस्त्रीला फोन लावला तर घशातून आवाजच निघेना. सकाळपासून कोणाशी बोललोच नव्हतो.

५ फेब्रुवारी
मिस्त्री येऊन गेला. म्हणतो, फोडा आणि नवं ओता. काम पक्कं, पण खालची माती ठोकून बसवली नाही तर नवंही खचणार. आणि कित्येक दिवस त्यावर पाय ठेवायचा नाही. वरून नुसता सिमेंटचा थर दिला तर? हसला. "दुखऱ्या पायाला नवा बूट. पापुद्रे निघतील."
चहा विचारला. थांबला नाही.

८ फेब्रुवारी
दुसरा इलाज — काँक्रीटला भोकं पाडून खाली माती-सिमेंटचा पातळ गारा दाबानं भरायचा. तुकडा वर उचलला जातो. स्वस्त, पण गारा जड. माती भुसभुशीत असेल तर पुन्हा बसेल.
तिसरा — तसाच, पण गाऱ्याऐवजी आत फुगून घट्ट होणारा फोम. भोकं बारीक, वजन नाही, त्याच दिवशी चालता येतं. महाग. आणि जास्त फुगला तर तुकडा खाली घेता येत नाही!

९ फेब्रुवारी
ठरत नाही.

११ फेब्रुवारी
मिस्त्रीला पुन्हा फोन. "दादा, बायको बघताना तरी इतकी चौकशी केली होती का?" लग्न झालं नाही, असं सांगितलं. "मग बरोबर," म्हणाला. पण कामाचंही बोलला — गच्चीचा पाइप तिथंच पाणी ओततो, त्यानंच माती वाहून गेली. आधी तो वळवा, नाहीतर सगळे इलाज पाण्यात.

१५ फेब्रुवारी
पाइप वळवला. फोमच करायचा. आई लवकर येईल.

२० फेब्रुवारी
झालं. पाणसळ लावून तपासलं, उतार फाटकाकडेच आहे. सांध्यावरून नख फिरवलं, कुठे अडत नाही. ताईला कळवलं. म्हणाली, "बरं. रविवारी आणते."

२३ फेब्रुवारी
आई आली. ताईनं दंड धरला होता. सपाट जागीसुद्धा आई पाय चाचपत टाकत होती. म्हटलं, "आई, आता तिथे कडा नाहीये."
"तेव्हाही दिसली नव्हती रे मला. तुला सांगू नको, असं मीच ताईला बजावलं होतं. आता नुसता उजेड कळतो." मग पाऊल तिथं सपाट टेकवलं. "सांग ना, कसं केलंस?"
पहिल्या भोकापासून सांगायला लागलो.